हसण्याचं वय

येत्या रविवारी घरात सगळे असतील तेव्हा एक करून बघा. टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लावा आणि तुम्ही स्वतः पडद्याकडे बघू नका. नाहीतरी तो सिनेमा तुम्हाला पाठच असणार. तुम्ही घरातल्या माणसांच्या तोंडाकडे बघा. कोण कुठे हसतं, एवढंच बघायचं.

आमच्याकडे हा सिनेमा वर्षातून दोन-तीनदा लागतोच, त्यामुळे माझं निरीक्षण बऱ्यापैकी पक्कं आहे. सहा वर्षांचा भाचा साडी नेसलेला लक्ष्या धावायला लागला की सोफ्यावरून खाली घरंगळतो. संवाद त्याला निम्मे कळत नाहीत, पण त्याचं काही अडत नाही. पुतण्या हुबळीला खोली भाड्याने घेऊन शिकतो. तो अलीकडे सरपोतदार आले की हसतो, कारण पंख्याच्या आणि पाण्याच्या मोटरच्या वेळा मोजणारा मालक त्याला आता प्रत्यक्ष भेटलेला आहे. दोन वर्षांपूर्वी तोच मुलगा सरपोतदारांच्या प्रसंगात मोबाईल काढून बसायचा. माझा नवरा धनंजय मानेवर हसतो. धाकटा भाऊ, गावाकडचा मित्र, नाटकवेडा दोस्त, घराचं भाडं, दुकानातली नोकरी आणि त्यात प्रेम, हे सगळं एकट्याने ओढणारा आणि दर पाच मिनिटांनी नवी थाप शोधावी लागणारा माणूस. अशोक सराफ त्या सिनेमात फार उड्या मारत नाहीत. ते नुसते थांबतात, डोळे जरा बाजूला नेतात आणि पुढची थाप जुळवतात. ते थांबणं बघून माझा नवरा हसतो. पगाराच्या आधीच्या आठवड्यात जरा जास्तच.

आणि माझ्या सासूबाई. वय ८४. त्या लीलाबाई काळभोर आल्या की सरसावून बसतात. नयनताराबाईंनी केलेली ती म्हातारी, डोळ्यांनी अधू, घरात दोन सुना नांदताहेत या कल्पनेनेच खुललेली. एकीचं डोहाळजेवण करायचं म्हणून तिची चाललेली लगबग. आम्ही सगळे तिथे हसतो, कारण 'सून' म्हणजे लक्ष्या. सासूबाईही हसतात, पण एकदा त्या मधेच म्हणाल्या, "तिला कळलंय गं सगळं. पण घरात माणसं आहेत ना, मग कशाला बोलेल?" सिनेमा लिहिणाऱ्याच्या मनात तसं होतं की नाही, मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून मी लीलाबाईंचे प्रसंग निराळ्या तऱ्हेने बघते.

सिनेमा १९८८ चा. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या 'बीवी और मकान'वर बेतलेला. म्हणजे कल्पना त्याहूनही जुनी. पडद्यावर तेव्हापासून एक अक्षर बदललेलं नाही. आम्हीच एका पात्राकडून दुसऱ्या पात्राकडे सरकत आलो. मी पंधरा वर्षांची असताना लक्ष्याकडे होते. आता अशोकमामांच्या मुक्कामावर आहे. पुढचं स्टेशन कुठलं, ते समोरच्या आरामखुर्चीत बसलेलं दिसतंच आहे.

लक्ष्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण तुमच्यापैकी अनेकांना तो आता 'ओव्हर' वाटतो. माझी लेक हाच शब्द वापरते. लक्ष्मीकांत बेर्डे 'टूरटूर' नाटकातून पुढे आले, मग १९८५ चा 'धूमधडाका' आणि त्यानंतरची जवळपास दहा वर्षं मराठी थिएटरच्या बाहेरच्या रांगा बऱ्याच अंशी त्यांच्या आणि अशोक सराफांच्या नावावर लागल्या. त्यांचा विनोद अंगातला होता. घाबरणं, अडखळणं, तोंडातल्या तोंडात शब्द गिळणं, एकाच वाक्यात तीनदा सूर बदलणं. मुलांना तो लगेच पोहोचतो, कारण मुलांचं जगही अंगातच असतं. पडणं, लपणं, मार चुकवणं. 'झपाटलेला'मधल्या बाहुल्याला आपण आता हसतो. पण रात्री अंधारात उठायची वेळ आली की हसू जायचं, ते ज्यांनी लहानपणी पाहिलंय त्यांना विचारा.

मात्र याच लक्ष्याने १९९२ साली 'एक होता विदूषक' केला. लेखन पु. ल. देशपांड्यांचं, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं. तमाशातला सोंगाड्या, मग सिनेमातला नट, मग राजकारणाच्या वाटेला लागलेला माणूस, अशी आबुरावची गोष्ट. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण लक्ष्याच्या इतर सिनेमांना व्हायची तशी गर्दी झाली नाही. आम्ही मैत्रिणी मोठ्या उत्साहाने बघायला गेलो आणि मध्यंतरातच कुजबुजायला लागलो की, हा हसवणार कधी? एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींना लक्ष्याकडून हवं होतं ते तिथे नव्हतं. आज तो सिनेमा लावते तेव्हा मला आबुरावचं काम बघवत नाही, इतकं ते चांगलं आहे. बेर्डे २००४ च्या डिसेंबरात गेले, वयाच्या पन्नासाव्या वर्षी. म्हातारा लक्ष्या कसा दिसला असता, त्याने आमच्या वयाबरोबर काय काय केलं असतं, हे बघायचं राहूनच गेलं.

या बाबतीत दिलीप प्रभावळकरांनी आम्हाला पुरती सोबत दिली. दूरदर्शनवरचा चिमणराव तेच. तात्या विंचूही तेच, हे माझ्या भाच्याला सांगितलं तर त्याचा विश्वास बसत नाही. 'हसवाफसवी'त ते एका प्रयोगात सहा भूमिका करायचे. तरुणपणी आम्ही त्यांचे झटपट बदलणारे वेष आणि आवाज मोजत बसायचो. घरातली मोठी माणसं शेवटच्या कृष्णराव हेरंबकरांची वाट बघत. तो थकलेला, जुन्या संगीत नाटकांतला नट आला की आमच्या मागच्या रांगेत हसण्याचा आवाज बदलायचा. दोन हजारच्या सुरुवातीला 'श्रीयुत गंगाधर टिपरे' आलं, त्यातले आबा पुन्हा तेच. तीन पिढ्या एका फ्लॅटमध्ये, आणि कुठलाच प्रसंग फार मोठा नाही. फ्रिज, परीक्षा, पाहुणे. ती मालिका आजही बघण्यासारखी आहे. ज्या खुर्चीवर तुम्ही बसलेले असाल तिथलं पात्र तुमचं.

चिमणरावांचा विषय निघाला म्हणून वडोदऱ्याच्या वाचकांना मुद्दाम सांगते. चि. वि. जोशी तुमच्या गावचे. जन्म पुण्याचा असला तरी आयुष्य बडोदे संस्थानात गेलं. पाली भाषेचे गाढे व्यासंगी, आणि लिहिलं काय, तर भित्रा, नाकासमोर चालणारा, बायकापोरांना घेऊन निघाला की काहीतरी घोळ होणारच असा चिमणराव. 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३ सालचं. माझे आजोबा ते वाचताना धोतराच्या सोग्याने डोळे पुसत. मला शाळेत ते संथ वाटायचं. पण एकदा चार माणसांचं सामान, दोन म्हातारी माणसं आणि रडणारं मूल घेऊन तुम्ही रेल्वेचा डबा शोधा, आणि मग चिमणराव उघडा.

दादा कोंडके आमच्या लहानपणी घरात निषिद्ध होते. म्हणजे पुरुष जाऊन बघून येत आणि बायकांनी त्यांची नावं घ्यायची नाहीत. 'सोंगाड्या' १९७१ चा. मी कॉलेजात असताना मैत्रिणीच्या घरी दार लावून बघितला. त्या वयात आम्हाला फक्त दुसरा अर्थ ऐकू येत होता. पहिला अर्थही तिथे आहे, तो गावचा भाबडा, आईला भ्यायलेला नाम्या तिथे आहे, हे दिसायला वय जावं लागलं. एवढं मात्र म्हणेन की, आमच्या पिढीतल्या काकामंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सकाळी सकाळी नवरा-बायकोचे जे विनोद येतात, त्यांच्यापुढे दादा कोंडके फारच सभ्य होते. वयानुसार आवड बदलते असं मी लिहितेय खरी, पण काहींची बदलत नाही, नुसती आंबते.

तुमच्या बाजूचंही ऐकून घेतलं पाहिजे. लेक म्हणते, "आई, पुरुषाला साडी नेसवली यात हसण्यासारखं काय आहे? जाड्या बाईवर, काळ्या मुलीवर, तोतऱ्या माणसावर हसायचं यात काय आहे?" तिचं बरंचसं मला पटतं. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'तली मावशी आणि टीव्हीवर दर आठवड्याला विनाकारण लुगडं नेसून येणारा नट यांत फरक आहे. मावशी तिथे गोष्टीला लागते. दुसरीकडे गोष्टच नसते, म्हणून लुगडं लागतं. रंगावरचे विनोद तर आम्ही निमूटपणे ऐकले, कारण ऐकणाऱ्या काळ्या मुलीने हसून दाखवायचं असा रिवाजच होता. तो रिवाज तुम्ही मोडताय, ते बरं करताय. प्रत्येक पिढी मागचे काही विनोद गाळून पुढे जाते. कोल्हटकर-गडकऱ्यांच्या कोट्या आज किती घरांत वाचल्या जातात? आमच्या आजोबांना त्या पाठ होत्या.

पण आजोबा-आजीसमोर तुम्ही फोनवर स्टँडअप लावता आणि ते हसत नाहीत, तेव्हा लगेच 'त्यांना कळत नाही' असं म्हणू नका. बऱ्याचदा त्यांना ऐकू येत नसतं. वयाबरोबर कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीतले आवाज जातात. स, श, फ अशी व्यंजनं धूसर होतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलला ते निसटतं. आणि आजचा विनोदवीर पंच टाकताना आवाज खाली आणतो, त्यावर लगेच लोकांचा हशा चढतो. शेवटचा शब्दच कानावर पडला नाही तर विनोद कुठून पोहोचणार? जुन्या रंगभूमीवरचे नट शेवटच्या रांगेसाठी बोलायचे. शब्द सुटा, आवाज खणखणीत, हशा ओसरेपर्यंत थांबायचं. सासूबाईंना 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' आवडते, स्टँडअप आवडत नाही, याचं निम्मं कारण मला वाटतं हेच आहे. मी एकदा भाडिपाचा एक व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर, आवाज वाढवून आणि मधे मधे थांबवत दाखवला. आई आणि मुलाच्या संवादाचा होता. त्या जोरात हसल्या. मग म्हणाल्या, "ही आई तुझ्यासारखीच आहे."

आता आपल्या बेळगावकडे येते. आपल्या गावच्या माणसाला विनोदाची गोष्ट निघाली की रावसाहेबांना टाळून जाताच येत नाही.

पु. ल. काही काळ इथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात शिकवत होते, हे तुम्ही घरात ऐकलं असेल. इथे त्यांना कृष्णराव हरिहर भेटले. थिएटरचे मालक, गाण्याचे वेडे, तोंडाने शिवराळ आणि मनाने उदार. 'गणगोत'मधला 'रावसाहेब' हा लेख त्यांच्यावरचा. पु.लं.च्या स्वतःच्या आवाजातलं त्याचं वाचनही आहे आणि आजकाल बहुतेकांना तो लेख माहीत असतो तो त्या आवाजातच. पुस्तक न वाचलेली मुलंसुद्धा ते ऐकतात आणि हसून लोळतात.

कशावर हसतात? आधी शिव्यांवर. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाने, तेही पु.लं.सारख्याने, राजरोस शिव्या द्याव्यात यापरतं सुख नसतं. मग भाषेवर. रावसाहेबांच्या मराठीला कानडीचा ठसका आहे आणि लिंगाचा मेळ नाही. इथे थोडं व्याकरण सांगते, कारण बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं. कानडीत पुल्लिंग-स्त्रीलिंग मुख्यतः माणसांसाठी आणि देवादिकांसाठी. बाकी सगळ्या वस्तू नपुंसकलिंगी. मराठीत मात्र दगड तो, वीट ती आणि घर ते, त्याला काही कारण नाही, पाठच असावं लागतं. कानडी ज्याच्या तोंडात घोळलेली आहे त्याची मराठी लिंगं इकडची तिकडे होणारच. तो अडाणीपणा नाही. एका शिस्तीच्या भाषेतून दुसऱ्या शिस्तीच्या भाषेत येताना खाल्लेला गचका आहे तो.

आपल्या भागाची आणखी एक खूण आहे. इथल्या, आणि कोल्हापूरकडच्याही, कितीतरी बायका 'मी येतो, मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. माझी आई म्हणायची, आत्या म्हणतात, मीही म्हणायचे. 'काय करालीस?' असं विचारलं की 'स्वयंपाक करालोय' हे उत्तर. त्यात काही वेगळं आहे हे मला सतरा वर्षांपर्यंत माहीत नव्हतं. पुण्याला शिकायला गेले. वसतिगृहातल्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोलीत म्हणाले, "थांबा, मी आंघोळ करून येतो." खोलीतल्या पाचही मुली हसल्या. मनाने चांगल्या मुली होत्या, आजही मैत्री आहे. पण त्यानंतर शेजारच्या खोलीतल्या मुलींना बोलावून आणलं जाई आणि मला सांगितलं जाई, "म्हण ना एकदा." मी म्हणायचे. हशा व्हायचा. दिवाळीपर्यंत माझं 'येतो' गेलं आणि 'येते' आलं. 'करालोय' गेलं. नातेवाइकांचा फोन आला तर कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन हळू बोलायचे.

त्याच वर्षी गॅदरिंगच्या आधी कुणीतरी 'रावसाहेब'ची कॅसेट लावली. घरी असताना ती मी कितीदा ऐकलेली, वडिलांबरोबर, खदखदून. त्या खोलीत मला हसू आलं नाही. सगळ्या जणी रावसाहेबांच्या तोंडच्या प्रत्येक वाक्याला हसत होत्या आणि मधेच माझ्याकडे बघत होत्या. कॅसेट तीच. घरच्या माजघरात आम्ही 'आपल्या' माणसाला हसत होतो. इथे त्या 'तिकडच्या' माणसाला हसत होत्या, आणि मी तिकडचीच होते.

मग वीसेक वर्षं मी तो लेख वाचला नाही, ऐकलाही नाही. लग्न होऊन परत बेळगावला आले, लेक झाली, वडील गेले. त्यांच्या कपाटात 'गणगोत' सापडलं. उभ्या उभ्या वाचायला घेतलं. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की पु.लं. भाषेला हसतच नाहीयेत. त्या मोडक्या वाक्यांमधून, शिव्यांमधून एक माणूस केवढं प्रेम करतोय, याची ते नोंद ठेवताहेत. पु. ल. बेळगाव सोडून निघाले तेव्हा, मुळात आलासच कशाला या गावात, अशा अर्थाचं रावसाहेब त्यांना म्हणतात, अर्थातच शिवी घालून. लहानपणी तिथे मी हसायचे, कारण शिवी होती. त्या दिवशी कपाटाला टेकून खालीच बसले. रावसाहेबांचं ते वाक्य शुद्ध, सोज्ज्वळ मराठीत कुणी म्हणालं असतं तर ते एवढं खोल गेलं नसतं. ती भाषा होती म्हणूनच ते बोलता आलं.

हे मी लेकीला सांगायचा प्रयत्न केला होता, ती चौदाची असताना. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण शिव्या मस्त आहेत ना?" आहेतच. चौदाव्या वर्षी तेवढं पुरे.

आपल्या सीमेवरच्या मुलांची एक चैन आहे. तिची किंमत बाहेर गेल्याशिवाय कळत नाही. तुम्हाला दोन भाषांत हसता येतं. आमच्या गल्लीतली मराठी घरातली मुलं गंगावती प्राणेशांचे कानडी कार्यक्रम यूट्यूबवर ऐकतात. उत्तर कर्नाटकच्या बोलीत, घरातल्या म्हाताऱ्यांवर, मास्तरांवर, बसच्या प्रवासावर ते तासभर बोलतात आणि सभागृह हलतं. बीची या जुन्या कानडी विनोदी लेखकाचं ऋण ते मानतात. पु.लं.वर वाढलेल्या माणसाला हे सगळं ओळखीचं वाटतं. सीमेवर पाट्यांवरून, शाळांवरून, बसवरून काय काय होतं ते आपल्याला रोजचं आहे, त्यात आपली बाजू आहे, ती मी इथे सोडत नाही. पण शेजारच्या कुलकर्णी काकू कानडी, मी मराठी, आणि प्राणेशांचा सासूवरचा किस्सा ऐकून आम्ही दोघी एकाच वेळी गॅस बंद करायला धावतो, कारण दूध उतू गेलेलं असतं. भाषा कळते म्हणून काम होतं, ते ठीक आहे. विनोद कळला तर तुम्ही त्या घरात ओट्यापर्यंत जाता.

आणि म्हणून मला तुमच्याबद्दल एक काळजीही आहे. आमच्या घरातली मुलं इंग्रजी शाळेतली. बातमी मराठीत कळते, आजीशी बोलता येतं, पण विनोद मराठीत पोहोचायला थोडा उशीर लागतो. सगळे हसून झाल्यावर अर्ध्या सेकंदाने ती हसतात. तो अर्धा सेकंद मला फार ऐकू येतो. पुस्तक न वाचणं, शुद्धलेखन चुकणं यापेक्षा तो जास्त ऐकू येतो. माझ्या लेकीच्या बाबतीत मी तो वर्षानुवर्षं मोजत आले.

ती आता पुण्यात नोकरी करते. मागच्या हिवाळ्यात तिचा फोन आला की, शनिवारी ओपन माइक आहे, मी पाच मिनिटं करणार आहे, तू ये. कधीपासून करतेस, तर म्हणे चौथी वेळ. गेले. कॅफेच्या वरच्या मजल्यावर चाळीसेक खुर्च्या, सगळी पंचवीस-तीसची मुलं. मीच तेवढी काकू. आधीच्या दोघांचे विनोद मला कळले, हसू आलं नाही. डेटिंगच्या ॲपवर काय होतं, ते मला या वयात कळून तरी काय करायचं?

मग ही उभी राहिली. मराठीत. म्हणाली, मी बेळगावची. थोडे लोक हसले, नुसत्या गावाच्या नावावर. ते हसू मी ओळखते. माझे हात गार पडले. ती पुढे म्हणाली, "आमच्याकडे बाबा म्हणतात मी येतो, आई म्हणते मी येतो, आजी म्हणते मी येतो. तुमच्याकडे स्त्री-पुरुष समानतेसाठी मोर्चे काढावे लागले. आमच्याकडे ती व्याकरणातच आहे." हशा झाला, मोठा. तिने तो ओसरू दिला, जुन्या नटांसारखं थांबून. मग तिने माझा फोनवरचा आवाज काढला. 'काय करालीस? जेवलीस काय? मग कधी जेवणार, उद्या?' हुबेहूब. मी घरात अजून तसंच बोलते, हे मला त्या दिवशी कळलं. वसतिगृहात गेलं ते सगळंच गेलं नव्हतं, लेकीशी बोलताना ते परत आलेलं होतं, आणि तिने ते जपून ठेवलेलं होतं. लोक हसत होते. माझ्यावर हसत होते की माझ्यासह, की तिच्या चतुराईवर, ते मला नीट सांगता येत नाही. बहुधा प्रत्येक खुर्चीवर निराळं असेल.

कार्यक्रम संपल्यावर खाली चहा पिताना दोन मुलगे आणि एक मुलगी आमच्याजवळ आली. हिचं कौतुक केलं. त्यातल्या एकाने विचारलं, "खरंच तसं बोलतात का तिकडे, की तू बनवलंस?" लेकीने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही आई. तिलाच विचार."

तो माझ्याकडे वळला. चांगला, हसऱ्या चेहऱ्याचा मुलगा. म्हणाला, "काकू, एकदा म्हणा ना, प्लीज."

मी घड्याळ बघितलं. रात्रीची बस अकराची होती आणि रिक्षा मिळायची होती.

"आता नाही बाळा," म्हटलं, "मी निघतो. गाडी चुकेल."

पहिली हसली ती लेक. मग तो. त्याला अर्धा सेकंद जास्त लागला.